स्ट्रॉबेरी तोडायला साडेचार लाख कशाला?

पत्र: ताई, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. वय 24, एम.एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलंय. मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर स्टोअरचं काम बघत होतो. दिवाळीनंतर कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुन्हा घेतलं नाही. अलकापुरीतली एक कन्सल्टन्सी यूकेचा 'फार्म व्हिसा' करून देते म्हणते. केंटमधल्या स्ट्रॉबेरी फार्मचं ऑफर लेटर दाखवलं (फोटो सोबत पाठवतोय). महिन्याला 2 लाख, राहायची सोय फार्मवरच, पाच वर्षांनी पीआर (तिथे कायम राहायची परवानगी), आणि लग्न झाल्यावर बायकोलाही नेता येईल म्हणाले. एकूण साडेचार लाख. 50 हजार टोकन मी यूपीआयने दिलंय, पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे. उरलेले महिनाअखेरीपर्यंत भरायचे आहेत. बाबा रिटायर झालेत, आई दागिने गहाण ठेवायला तयार आहे. मावसभाऊ म्हणतो, यूके नको, त्याच एजंटकडे इटली आणि कॅनडाचीही लाइन आहे. मी मेहनतीला घाबरत नाही. काय करू? नाव छापू नका.

उत्तर:

उरलेले चार लाख देऊ नकोस. पासपोर्ट परत घे. हे दोन निरोप तुला आधीच वेगळे कळवले आहेत, कारण छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. आता कारणं सांगते. बडोदा, आणंद, नडियाद या पट्ट्यात 'फाइल टाकली का?', म्हणजे परदेशाच्या व्हिसाचा अर्ज केला का, हा प्रश्न 'जेवलास का?' इतक्या सहज विचारला जातो, आणि तुझ्यासारखेच आणखी बरेच जण या फायलींत अडकलेले असणार.

तुझ्या एजंटची गोष्ट खरी वाटते, कारण ती एका खऱ्या गोष्टीवर रचलेली आहे. ब्रिटनमध्ये हंगामी शेतमजुरांसाठी व्हिसा आहे. 2019 मध्ये तो प्रायोगिक म्हणून सुरू झाला. 2025 सालासाठी फळं, भाज्या, फुलं यांच्या कामाला 43,000 जागा होत्या आणि ख्रिसमसच्या आधी कोंबड्या-टर्कीच्या कामाला 2,000. पण त्याच्या अटी ऐक. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. संपली की परत यायचं. तो वाढवून मिळत नाही, तिथे बसून दुसऱ्या व्हिसात बदलून घेता येत नाही, बायको-मुलांना सोबत नेता येत नाही, आणि कितीही हंगाम केले तरी त्यातून पीआर मिळत नाही. 'पाच वर्षांनी पीआर' असं जो सांगतो, त्याला एकतर हा व्हिसाच माहीत नाही, नाहीतर तू तो माहीत करून घेणार नाहीस याची त्याला खात्री आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

आता तू पाठवलेला फोटो. फार्मचं लेटरहेड आहे, खाली जीमेलचा पत्ता आहे, आणि 'वर्क परमिट अप्रूव्ह्ड' असा गोल शिक्का आहे. शिक्क्याचं सोड. या व्हिसावर शेतकरी किंवा फार्म स्वतः तुला बोलावूच शकत नाही. ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्था आहेत, त्यांना स्कीम ऑपरेटर म्हणतात. मजूर निवडायचे त्यांनीच, फार्मवर पाठवायचे त्यांनीच, आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपही त्यांच्याच नावाने निघतं. ते काही सही-शिक्क्याचा कागद नसतं, सरकारी संगणकातली नोंद असते. तिचा नंबर मिळाला की मगच व्हिसाचा अर्ज करता येतो. ऑपरेटरांची नावं ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. परवानाधारक स्पॉन्सरांची पूर्ण यादीही तिथेच आहे, फुकट. त्यामुळे केंटच्या फार्मने थेट तुझ्या नावाने दिलेलं हंगामी कामाचं 'ऑफर लेटर' कितीही सुंदर छापलेलं असलं तरी त्यावर व्हिसा मिळणार नाही.

पैशांचंही तसंच. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून फी घेणं ब्रिटनच्या कायद्यात चालत नाही. ऑपरेटरला मजूर पुरवायचा परवाना लागतो आणि ही त्यातली अट आहे. तुझ्या खिशातून जायचे ते खर्च दोनच: व्हिसाची फी, जी एप्रिल 2025 मध्ये 319 पौंड झाली, आणि विमानाचं तिकीट. शिवाय स्वतःच्या खात्यात 1,270 पौंड 28 दिवस शिल्लक असल्याचं दाखवावं लागतं. ऑपरेटरने तुझ्या सुरुवातीच्या खर्चाची हमी घेतली तर तेही नाही. साडेचार लाख यात कुठे बसतात ते तूच बघ.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने नाही, तीही सांगायला हवी. सध्या या व्हिसावर जाणारे बहुतेक जण किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान इथले असतात. भारतीयांना मनाई नाही. पण ऑपरेटर भरती करतात ती जिथे त्यांची घडी बसलेली आहे तिथे, आणि ती घडी बडोद्यात बसलेली नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या जागांची जमवाजमव आदल्या हिवाळ्यातच सुरू होते. ऑपरेटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज कर, त्याला पैसे पडत नाहीत, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नकोस. दलालांमुळे काय होतं ते 2022 मध्ये दिसलं. इंडोनेशियातून केंटच्या शेतांवर आलेल्या मजुरांनी आपल्याकडच्या दलालांना हजारो पौंड दिले होते आणि कर्ज डोक्यावर घेऊन ते फळं तोडत होते. तेही कायदेशीर व्हिसावर आलेले, बरं का. व्हिसा खरा असला तरी मधला माणूस बुडवू शकतो.

आता हिशेब. बी.कॉम. आहेस, तेव्हा कागद-पेन घेऊन बस.

'महिना 2 लाख' हा आकडा खोटा नाही, म्हणून तर तो माणसाला पकडतो. एप्रिल 2025 ला ब्रिटनमधला किमान वेतनाचा दर, 21 वर्षांवरच्यांसाठी, तासाला 12.21 पौंड झाला. (दर एप्रिलमध्ये तो बदलतो.) हंगामी मजुराला आठवड्याला सरासरी किमान 32 तासांचे पैसे द्यावेच लागतात. म्हणजे आठवड्याला 390 पौंड, महिन्याला साधारण 1,690. पौंड 115 रुपयांच्या आसपास धरला तर 1 लाख 94 हजार. झाले एजंटचे 2 लाख. फक्त तो तुला हातात काय उरेल ते सांगत नाही, आणि हे पैसे वर्षाचे बारा महिने नाही, हंगामापुरतेच आहेत, हेही सांगत नाही.

सहा महिन्यांचा व्हिसा असला तरी सहाच्या सहा महिने काम मिळेल असं धरू नकोस. पीक उशिरा येतं, पाऊस लागतो, एका फार्मवरून दुसऱ्यावर जाण्यात दिवस जातात. 20 आठवडे धरू. 32 तासांच्या हिशेबाने 7,814 पौंड. फार्मवर जो कॅरव्हॅन मिळतो (चाकांवरचं लांबट घर, त्यात चार-सहा जण) तो फुकट नसतो. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे दिवसाला 10.66 पौंडांपर्यंत भाडं किमान वेतनातून वळतं करता येतं. 20 आठवड्यांचे 1,492 झाले. नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) साधारण 240. जेवणखाण स्वतः रांधलं तरी आठवड्याला 40 पौंड, म्हणजे 800. इन्कम टॅक्स एवढ्या कमाईवर लागत नाही. पगारातून कापला गेलाच तर तो परत मागायचा असतो, आणि बरेच जण ते विसरतात. व्हिसाचे 319 आणि जाण्यायेण्याचं तिकीट 650 वजा केलं की राहतात जवळपास 4,300 पौंड. म्हणजे 5 लाखांच्या थोडं खाली. न घेतलेल्या रजेचे पैसे शेवटी मिळतात, ते यात धरलेले नाहीत.

यातून एजंटचे साडेचार लाख काढ. उरले 45 हजार. दागिन्यांवरचं व्याज त्यातूनच जायचं. सहा महिने पहाटे उठून वाकून फळं तोडलीस, आणि कमाई एजंटची झाली.

उलट, कोणालाही पैसे न देता गेलास आणि फार्म चांगला मिळाला, आठवड्याला 45 तास काम मिळालं, तर हाच आकडा 8 लाखांच्या वर जातो. या व्हिसाला मी वाईट म्हणत नाही. एका हंगामात पाच ते आठ लाख ही बडोद्यातल्या कॉन्ट्रॅक्टच्या नोकरीला दोन-तीन वर्षं लागतील अशी शिल्लक आहे. पण ती शिल्लक तेव्हाच, जेव्हा मध्ये कोणी बसलेला नसतो. हंगामी कामात एवढा पैसाच नसतो की त्यातून मजुराचंही भागेल आणि दलालाचंही.

मेहनतीला घाबरत नाहीस हे चांगलं, पण ती कसली मेहनत आहे ते माहीत असू दे. स्ट्रॉबेरी आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या लांब बोगद्यांत पिकवतात. काही फार्मवर रोपं कमरेच्या उंचीच्या टेबलांवर असतात, तिथे पाठीचं बरं. काही ठिकाणी जमिनीवर, तिथे गुडघे जातात. उन्हाळ्यात बोगद्याच्या आत चांगलंच तापतं, म्हणून काम पहाटे सुरू होतं. किती किलो तोडलं याची नोंद होते. वेग कमी पडला तर सुपरवायझर बोलतो, आणि फारच कमी पडला तर काम थांबवतो. किलोवर पैसे देत असले तरी तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही, हे लक्षात ठेव. पगाराच्या चिठ्ठीवर ते तपासता येतं. फार्म गावापासून दूर, बस दिवसातून दोन-चार. तू शाकाहारी असशील तर डाळ-तांदूळ-मसाल्याची सोय पहिल्याच आठवड्यात शहरात जाऊन करावी लागेल, आणि एका शेगडीवर सहा जणांनी रांधायचं. या कामाला बी.कॉम.चा काही उपयोग नाही, वेगाने हलणारी बोटं लागतात.

आता मावसभावाच्या 'लाइनी'.

कॅनडाची हंगामी शेतमजुरांची योजना मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे. भारतीय त्यात बसत नाही, विषय संपला. त्याबाहेर शेतीत काम मिळू शकतं, पण त्यासाठी तिथल्या मालकाने एलएमआयए नावाची सरकारी परवानगी काढावी लागते, आणि तिचा किंवा भरतीचा खर्च मजुराकडून वसूल करणं गुन्हा आहे. आपल्याकडे एलएमआयए विकत मिळते असं उघड बोललं जातं. विकत घेतलेली एलएमआयए पकडली गेली की व्हिसा तुझा जातो, विकणाऱ्याचं काही जात नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या हंगामी योजना पॅसिफिक बेटांवरच्या लोकांसाठी आहेत. पोर्तुगालमध्ये टुरिस्ट म्हणून उतरायचं आणि मग कागद करून घ्यायचे, हा रस्ता जून 2024 मध्ये सरकारनेच बंद केला. तरी तो अजून विकला जातोय, असं ऐकते.

इटलीचं मात्र नीट समजून घे, कारण तिथे भारतीयांना खरोखर वाव आहे आणि म्हणूनच तिथे लुबाडणूकही जास्त आहे. इटली दरवर्षी बाहेरून किती मजूर घ्यायचे याचा आकडा जाहीर करते. 2026 ते 2028 या तीन वर्षांसाठी तो जवळपास 5 लाख आहे, त्यात शेती आणि हॉटेल-पर्यटनाच्या हंगामी जागांचा वाटा मोठा. भारत आणि इटलीमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये मजुरांच्या ये-जा करण्याबद्दल करारही झाला आहे. पद्धत अशी: अर्ज तिथला मालक करतो, ठरलेल्या दिवशी, ऑनलाइन, त्या दिवसाला क्लिक डे म्हणतात, कारण पहिला क्लिक पहिला नंबर. मंजुरी आली की तिला 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. ती हातात आल्यावर तू इथे व्हिसा मागायचा. गुजरातची प्रकरणं मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात. हंगामी मुदत जास्तीत जास्त नऊ महिने. आणि खरी मेख इथे आहे: तिथे पोहोचल्यावर ठरावीक दिवसांच्या आत मालकासोबत करारावर सही करून राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. मालक फक्त कागदावरचा असेल, त्याने नुल्ला ओस्ता दलालाला विकलेला असेल, तर उतरल्यावर फोन उचलत नाही. सही नाही, म्हणून परवाना नाही, म्हणून कायदेशीर काम नाही. मग तोच माणूस तुटपुंज्या रोजावर शेतात राबतो आणि कोणाकडे तक्रारही करू शकत नाही. रोमच्या दक्षिणेला लाटिना जिल्ह्यात पंजाबी मजूर हजारोंच्या संख्येने आहेत. जून 2024 मध्ये तिथे एका पंजाबी तरुणाचा हात शेतातल्या यंत्रात तुटला, आणि मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून दिलं. तो दगावला. इटलीची संसदसुद्धा त्यावर हादरली. इटलीला जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. मालकाशी आधी स्वतः बोलणं झालं पाहिजे, शक्यतो तिथे काम करून आलेल्या कोणाच्या ओळखीने, आणि विमानतळावर उतरल्यावर सहीला तो येणार का, हे माहीत असलं पाहिजे. हे होत नसेल तर नुल्ला ओस्ताच्या कागदावर भुलू नकोस.

तुझा मावसभाऊ ज्याला 'लाइन' म्हणतोय त्याबद्दल एवढंच, की त्या शब्दामागे कधीकधी व्हिसाच नसतो. जानेवारी 2022 मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, लहान मुलांसकट, कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवर बर्फात गारठून दगावलं. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने जे 104 भारतीय परत पाठवले त्यांत 33 गुजरातचे होते. त्या लोकांनाही कोणीतरी लाइनच सांगितली होती.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. 'आम्ही एजंट नाही, कन्सल्टंट आहोत' ही पळवाट नाही. व्हिसाचा फॉर्म भरून देणं वेगळं आणि नोकरी देतो म्हणून पैसे घेणं वेगळं. नोंदणी असलेल्यांची यादी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, शहर टाकून शोधता येते. आणि नोंदणीकृत एजंटलाही जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, पावतीसकट. तुझ्याकडून टोकनच 50 हजार घेतलंय.

आणि परदेशाचं नाव काढलं की बडोद्याच्या माणसाला एक गोष्ट आठवावी. 1913 साली सयाजीराव महाराजांनी तरुण आंबेडकरांना न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, तेव्हा सगळं लिहून झालं होतं: शिष्यवृत्ती किती, किती वर्षं, परत आल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी. पुढे त्या नोकरीचं बडोद्यात काय झालं, राहायला जागासुद्धा कशी मिळाली नाही, ते आपल्या शहराला शोभणारं नव्हतं. पण जाणाऱ्याला काय मिळणार आणि त्याने काय द्यायचं, हे निघण्याआधी कागदावर होतं. तुझ्याकडे आज असा एकही कागद नाही ज्यावर कन्सल्टन्सीची जबाबदारी लिहिलेली आहे.

तुला जायचंच असेल, आणि मला वाटतं तुला जायचंय, तर तुझ्या वयाला आणि डिग्रीला दोन सरळ रस्ते खुले आहेत, ज्यांचा उल्लेख तुझ्या एजंटने केला नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही.

पहिला ब्रिटनचा इंडिया यंग प्रोफेशनल्स व्हिसा. 18 ते 30 वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी, वर्षाला 3,000 जागा, दोन वर्षं राहता येतं, आणि आधी नोकरी किंवा स्पॉन्सर असावा लागत नाही. फार्मवर जा, गोदामात जा, स्टोअरच्या कामाचा तुझा अनुभव तिथे उपयोगी पडेल. आधी ऑनलाइन बॅलट असतो, म्हणजे सोडत. साधारण वर्षातून दोनदा, दोन दिवसांसाठी खुला, आणि फुकट. नाव निघालं तरच पैसे: 2025 च्या दराने व्हिसा फी 319 पौंड आणि आरोग्य शुल्क वर्षाला 776 प्रमाणे 1,552. म्हणजे सव्वादोन लाखांच्या आतबाहेर. शिवाय खात्यात 2,530 पौंड 28 दिवस पडून असल्याचं दाखवायचं. ही रक्कम कोणाला द्यायची नाही, ती तुझीच राहते आणि तिथे पहिल्या दोन महिन्यांत उपयोगी पडते. बघ, जेवढे पैसे तू एजंटच्या हवाली करणार होतास, जवळपास तेवढ्यातच दोन वर्षांचा खरा व्हिसा आणि हातातली पुंजी दोन्ही बसतात. 'बॅलटमध्ये नाव काढून देतो' म्हणणारेही भेटतील. सोडत संगणक काढतो.

दुसरा ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा. भारतीयांसाठी तो 2024 मध्ये उघडला, वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, तोही बॅलटनेच, बॅलटची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. एक वर्ष राहता येतं, आणि ठरवून दिलेल्या भागांत शेतीसारखं काम तीन महिने केलं तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणजे फळं तोडायचीच असतील तर कायद्याने तोडायची जागा ही. इंग्रजीची जुजबी परीक्षा लागते, ती आत्ताच देऊन ठेव. दोन्ही ठिकाणी नाव निघेलच असं नाही, जागा कमी आणि अर्ज फार. पण नाव नाही निघालं तर तुझे 25 डॉलर जातील, आईच्या बांगड्या नाही.

मधल्या काळात रिकामा बसू नकोस. मकरपुरा नाही तर सावली, हालोलच्या कंपन्यांत स्टोअर-डिस्पॅचचं काम बघ. पगार दोन हजार कमी आला तरी घे. खात्यातल्या शिल्लकीचा प्रश्न तिथूनच सुटायचा आहे, आणि अर्ज करताना नोकरीत असलेला माणूस घाईत चुकीच्या कागदावर सही करत नाही.

आईशी तू स्वतः बोल. तिला 'फसवणूक' वगैरे मोठे शब्द ऐकवू नकोस, नाहीतर ती स्वतःला दोष देत बसेल. तिच्यासमोर वरचा हिशेब मांड, वीस आठवड्यांचा, आणि शेवटची ओळ तिलाच काढू दे. दागिने ठेवायला तयार झालेल्या बाईला बेरीज-वजाबाकी चांगली येते.

राहिला पासपोर्ट आणि टोकन. उद्या एकटा जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. वाद घालू नकोस, एवढंच म्हण की बॅलटसाठी पासपोर्ट हवाय. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, खाजगी कन्सल्टन्सीला तो अडकवून ठेवायचा काही अधिकार नाही. ते 'फाइल पुढे गेली आहे' म्हणाले तर फाइल नंबर लिहून मागा. दिला नाही तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे, आणि तीच तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवरही टाक. नोंदणी नसलेल्या एजंटला हे दुसरं जास्त झोंबतं. 50 हजार परत मागताना फोनवर बोलू नकोस, व्हॉट्सॲपवर लिही: कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी दिले, आणि परत हवेत. त्यांचं उत्तर काहीही आलं तरी ते तुझ्या कामाचं आहे. सगळे परत येतील असं मी सांगत नाही, 'प्रोसेसिंग' म्हणून काही कापून देतो म्हणतील. घेणार असशील तर 'पूर्ण हिशेब मिटला' अशा कागदावर सही न करता घे. आणि यूपीआयचा तो व्यवहार, ऑफर लेटरचा फोटो, त्यांचे मेसेज, हे सगळं बाबांच्या फोनवरही पाठवून ठेव.